शिकागोच्या हिरवळीवरची मुक्तद्वार मैफल

आई पहिल्यांदा शिकागोला आली त्या उन्हाळ्यात, एका बुधवारी दुपारी मी डब्यात दडपे पोहे भरत असताना तिने विचारले, "तिकिटं काढलीस का गं?" मी म्हटले, तिकीट नसते, कार्यक्रम फुकट आहे. त्यावर ती काही बोलली नाही. पण गिरगावात पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर 'फुकट' या शब्दाने जी शंका उमटते, ती माझ्या चांगल्याच ओळखीची होती. आपल्या भाषेत हा शब्द फारसा मानाने वावरत नाही. वेळ फुकट जातो, कष्ट फुकट जातात, सल्ला फुकटचा असतो, आणि पैसे न मोजता जे मिळते ते बिनमोलाचे असणार असे आपण मनाशी धरून चालतो. मीही इथे आल्यावर पहिली दोन वर्षे अशाच समजुतीने या मैफिलींना गेले नव्हते. मोठा वाद्यवृंद ऐकायचा तर सभागृहात, तिकीट काढून आणि ठेवणीतले कपडे घालूनच ऐकायचा असतो, असे मला वाटे. त्या दोन उन्हाळ्यांची हळहळ मला अजून आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही राहतो ते नेपरव्हिल हे उपनगर शिकागोपासून तासाभराच्या आतबाहेरच्या लोकलच्या अंतरावर आहे. युनियन स्टेशनवर उतरून पूर्वेकडे, म्हणजे सरोवराच्या दिशेने, वीसपंचवीस मिनिटे चालत गेले की उंच इमारतींची दाटी अचानक संपते आणि मिशिगन अव्हेन्यूच्या पलीकडे मिलेनियम पार्क उघडते. या उद्यानात आरशासारखे चकाकणारे, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे जे प्रचंड शिल्प आहे, ते अनिश कपूर यांचे. त्यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला हे सांगितल्यावर आईने त्या शिल्पाला आपुलकीने हात लावून पाहिला. त्याच्या थोडे पुढे फ्रँक गेरी यांनी रचलेला प्रिट्झकर पॅव्हेलियन हा मंच आहे. मंचाच्या माथ्यावर पोलादाचे मोठमोठे पत्रे वाऱ्याने उलगडलेल्या फितींसारखे वळलेले आहेत. समोर सुमारे ४,००० खुर्च्या आहेत आणि त्यांच्यामागे ७,००० माणसे बसू शकतील अशी हिरवळ आहे.

त्या हिरवळीवर पोलादी नळ्यांची एक विस्तीर्ण जाळी कमानीसारखी पसरलेली आहे. तिची लांबी ६०० फूट आणि रुंदी ३०० फूट आहे. पहिल्या भेटीत मला ती केवळ शोभेची वाटली होती. प्रत्यक्षात साऱ्या मैफलीचा जीव त्या जाळीत आहे, कारण ध्वनिवर्धक तिलाच टांगलेले आहेत. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात मंचाच्या दोन्ही बाजूंना ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करतात, आणि मग पुढे बसलेल्यांचे कान किटतात व मागे बसलेल्यांना नुसता गलका ऐकू येतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. इथे प्रत्येक ध्वनिवर्धकाला थोडाथोडा भाग वाटून दिलेला आहे. मंचावरच्या व्हायोलिनचा मूळ स्वर हिरवळीच्या शेवटच्या टोकाला पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. म्हणून तिथल्या ध्वनिवर्धकातला आवाजही तेवढाच उशिराने सोडला जातो. त्यामुळे डोक्यावरून आलेला आणि मंचावरून आलेला सूर एकत्रच कानी पडतो आणि वाद्ये समोरच वाजत आहेत असे वाटते. बंद सभागृहात भिंतींवरून परतणाऱ्या नादाने जी ऊब येते, तीही या यंत्रणेने उघड्यावर आणलेली आहे. अगदी मागे, गवतावर आडवे पडून ऐकणाऱ्या माणसाच्या कानांचा इतका विचार कुणीतरी केला आहे, हे मला कळले तेव्हा 'फुकट' या शब्दाशी जोडलेली माझी पहिली गाठ सुटली.

दुसरी गाठ इतिहासाने सोडवली. आज जिथे ही हिरवळ आहे तो सारा पट्टा मोकळा का राहिला, याची कथा १८३६ सालापासून सुरू होते. शहराची आखणी करणाऱ्या, कालव्याच्या कामासाठी नेमलेल्या आयुक्तांनी त्या वर्षी नकाशावर सरोवराकाठच्या जमिनीवर अशा अर्थाची ओळ लिहून ठेवली की, ही सार्वजनिक जागा आहे आणि ती कायमची खुली, मोकळी व इमारतींच्या अडथळ्यापासून मुक्त राहील. अर्थात नकाशावरच्या ओळीने जमीन राखली जात नाही. १८७१च्या भीषण आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा याच किनाऱ्यावर टाकून भराव घातला गेला; मग तिथे रेल्वेचे रूळ, तबेले, झोपड्या आणि कचऱ्याचे ढीग आले. छापील कॅटलॉगवरून घरपोच माल पाठवण्याच्या व्यापारात मोठा झालेला आरन माँटगोमेरी वॉर्ड हा गृहस्थ मिशिगन अव्हेन्यूवरच्या आपल्या कचेरीतून हे रोज पाहत होता. १८९० साली त्याने शहरावर खटला भरला आणि त्या जुन्या ओळीचा आधार घेऊन पुढची वीस वर्षे तो भांडत राहिला. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हे भांडण चार वेळा गेले. शहरातल्या प्रतिष्ठितांना तिथे संग्रहालये आणि इमारती हव्या होत्या; वॉर्ड त्यांच्या आड आला म्हणून तो अप्रिय झाला, पण आपण गरिबांसाठी लढलो, श्रीमंतांसाठी नव्हे, असे त्याने पुढे सांगितले. त्या निकालांचा दाब इतका आहे की, प्रिट्झकर पॅव्हेलियनसारखी १२० फूट उंचीची रचना तिथे उभी करताना ती इमारत नसून कलाकृती आहे, असे मानून वाट काढावी लागली, आणि शेजारचे नाट्यगृह बव्हंशी जमिनीखाली बांधावे लागले.

हे वाचताना मला आपला एक जुना शब्द आठवला: मुक्तद्वार. उत्सवात मुक्तद्वार भोजन असे म्हणतात तेव्हा ताटाचे पैसे नाहीत एवढाच त्याचा अर्थ नसतो. दारात उभे राहून कुणी 'तू कोण' असे विचारणार नाही, हे त्यात गृहीत असते. इथल्या मैफिली त्या अर्थाने मुक्तद्वार आहेत.

मैफिलींचा उगम मात्र वेगळाच आहे, आणि तो मला या जागेच्या इतिहासापेक्षाही जवळचा वाटतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणारे चित्रपटगृहांतले वादक एकाएकी बेकार झाले. पाठोपाठ महामंदी आली आणि हॉटेलांतली व नृत्यगृहांतली कामेही गेली. शिकागोच्या वादक संघटनेचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो हा नव्याने एकत्र झालेल्या उद्यान मंडळावरही होता. वादकांना काम मिळावे आणि खिशात पैसे नसलेल्या शहराला संगीत मिळावे, असा दुहेरी हिशेब करून त्याने ग्रँट पार्कमध्ये, म्हणजे आजचे मिलेनियम पार्क ज्याच्या एका कोपऱ्यात आहे त्या सरोवराकाठच्या मोठ्या उद्यानात, विनामूल्य मैफिली सुरू केल्या. पहिली मैफल १ जुलै १९३५ रोजी झाली. म्हणजे ऐकणाऱ्यांना फुकट असलेली ही गोष्ट वाजवणाऱ्यांच्या पोटासाठी निघाली होती, आणि वादकाला मोबदला देऊन श्रोत्याला मोकळे ठेवण्याचा तो रिवाज ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल या नावाने आजही चालू आहे. उद्यान मंडळ, शहराचा सांस्कृतिक विभाग आणि देणगीदारांचे मंडळ मिळून तो खर्च उचलतात. २००४ साली मिलेनियम पार्क खुले झाल्यावर या मैफिली प्रिट्झकर पॅव्हेलियनमध्ये आल्या. करोनाच्या २०२० सालच्या उन्हाळ्यात ही हिरवळ सुनी होती. त्यानंतरच्या वर्षी पहिल्यांदा वाद्ये जुळवण्याचा आवाज आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते.

वाद्ये जुळवण्याविषयी आईचे निरीक्षण सांगायलाच हवे. ओबो हे वाद्य एक लांब स्वर धरते आणि बाकीचे सगळे त्या स्वराला येऊन मिळतात, हे पाहून ती शांतपणे म्हणाली, "तंबोरे लावताहेत." तिला त्यापुढे काहीही समजावून सांगावे लागले नाही. तासाभराच्या सिंफनीत, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यवृंद-रचनेत, कुणी 'वाहवा' म्हणत नाही, कुणी मान हलवत नाही, याचे तिला आश्चर्य वाटले. पण हिरवळीवर शिस्त सभागृहापेक्षा पुष्कळ सैल असते. सभागृहात सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवल्या तर माणसे वळून पाहतात. इथे अनेकजण वाजवतात आणि कुणी कुणाला गप्प करत नाही. तान्ही मुले रडतात, आया त्यांना खांद्यावर घेऊन जाळीच्या कडेने फेऱ्या मारतात, लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा येतो, आणि व्हायोलिने त्यातून वाट काढत पुढे जातात. ज्यांना आवडले नाही ते पंधरा मिनिटांत चटई गुंडाळून निघून जातात. मला या निघून जाण्याचे फार महत्त्व वाटते. साठ डॉलर मोजून बसलेला माणूस ओळखीचेच ऐकू पाहतो, आणि अनोळखी रचना त्याला पैशांची नासाडी वाटते. काही मोजलेच नसेल तर अनोळखी गोष्टीला कान देऊन पाहायला माणूस तयार होतो. या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत हयात अमेरिकी रचनाकारांच्या नव्या रचना वरचेवर असतात. मी त्यांतली एकही तिकीट काढून ऐकायला गेले नसते, आणि त्यांपैकी काही आता माझ्या अगदी आवडत्या आहेत.

आईला मैफिलीपेक्षाही आवडली ती तालीम. वाद्यवृंदाच्या तालमी दिवसा त्याच मंचावर होतात आणि त्याही कुणालाही ऐकता येतात. संचालक थांबतो, चार मात्रांचा तुकडा पुन्हा घ्यायला सांगतो, शिंगवाल्यांना काहीतरी हळू म्हणतो, पुन्हा थांबतो. आई खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसली होती. लहानपणी शेजारच्या खोलीत चालणारी गाण्याची शिकवणी भिंतीला कान लावून ऐकत असे, त्याची तिला आठवण झाली. तिसऱ्यांदा तोच तुकडा वाजला तेव्हा तो कशासाठी थांबवला होता ते तिला ऐकू आले आणि तिने माझा हात दाबला.

शहरातल्या सगळ्याच मैफिली अशा शांत बसून ऐकण्याच्या नाहीत. जूनमध्ये ब्लूज महोत्सव असतो, तोही विनामूल्य, आणि तिथे गर्दी उभी राहून डोलते. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी हे गाणे शिकागोत आणले. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात उघड्यावर वाजवताना गोंगाटातून ऐकू यावे म्हणून त्यांच्या गिटारी विजेवर गेल्या आणि त्यासाठी आजूबाजूच्या घरांतून व दुकानांतून तारा ओढून वीज घेतली जाई. आमच्या वाडीतल्या गणपतीच्या मांडवाला तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातून वीज घेत, तेच हे. मडी वॉटर्स हा या संगीताचा थोर गायक १९४३ साली शिकागोला आला आणि १९८३ साली वेस्टमाँट या उपनगरात वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी ग्रँट पार्कमध्ये हा महोत्सव सुरू झाला. आमच्या लोकलच्या मार्गावर वेस्टमाँट लागते. महोत्सवाहून परतताना त्या साध्या, दोन फलाटांच्या स्थानकावरून गाडी जाते तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिल्याशिवाय राहत नाही.

ग्रँट पार्कच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात नृत्याच्या संध्याकाळी भरतात. पहिला तासभर एखादा नृत्यप्रकार शिकवतात आणि मग जिवंत वाद्यवृंदावर सगळ्यांनी नाचायचे. मी तिथे एकदाच गेले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका जोडप्याचा साल्सा पाहत बसले. शहराच्या मध्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी उद्यान मंडळ २०१३ सालापासून वस्त्यांमधल्या उद्यानांतच संगीत, नाटक, सर्कस आणि चित्रपट नेते. मला त्यांची माहिती फार उशिरा झाली. त्या कार्यक्रमांना पन्नास-साठच माणसे असतात, एकमेकांना नावाने हाका मारणारी, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला तीच पुढे येतात. गणेशोत्सवाची सर्वांत जवळची आठवण मला हिरवळीवर नव्हे, तिथे येते.

ज्या गिरगावात मी वाढले तिथे गणपतीच्या दहा दिवसांत रस्त्यावर सतरंज्या टाकून गाणी होत आणि आम्ही मुले गॅलरीत उशा घेऊन बसत असू. आई सांगते की तिच्या तरुणपणी हे गाणे पहाटेपर्यंत चाले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी झाली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकीही त्याच कारणाने आटोपत्या झाल्या. आजारी माणसांचा विचार केला तर तो नियम योग्यच आहे. पण मध्यरात्रीनंतरचा दरबारी आणि पहाटेचा ललत त्यांच्या वेळेला ऐकण्याची सोय त्याने आपल्याकडे दुर्मीळ केली. मला ती सोय परत मिळाली शिकागोतच. मिलेनियम पार्कच्या समोर, रस्त्यापलीकडे, १८९७ साली ग्रंथालय म्हणून बांधलेली एक देखणी वास्तू आहे. तिथे टिफनीच्या रंगीत काचेच्या घुमटाखाली, सप्टेंबरातल्या जागतिक संगीत महोत्सवाचा भाग म्हणून, २०१३ सालापासून 'रागमाला' ही हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताची मैफल होऊ लागली. ती संध्याकाळी सुरू होते आणि सकाळी संपते, आणि तिलाही तिकीट नसते. पहाटे चार वाजता माझ्या एका बाजूला अंगावर शाल घेऊन बसलेले तमिळ आजोबा होते आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकणाऱ्या दोन अमेरिकी विद्यार्थिनी. सकाळी बाहेर पडलो तेव्हा समोरच्या हिरवळीवर कोवळे ऊन आले होते आणि कानात अजून भैरव होता.

या सगळ्याला उणी बाजू नाही असे मुळीच नाही. मंचाजवळच्या खुर्च्या देणगीदार सदस्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्या वर्गणीवरच उरलेल्यांचे मोफत ऐकणे बरेचसे चालते हे मला पटते, तरी दोरीच्या अलीकडे उभे राहून रिकाम्या खुर्च्या पाहताना बरे वाटत नाही. दर उन्हाळ्यात ग्रँट पार्कचा मोठा भाग तिकीट लावलेल्या एका भल्या मोठ्या महोत्सवासाठी कुंपण घालून बंद करतात, आणि कायम खुली राहील असे १८३६ साली ज्या जमिनीविषयी लिहिले तिच्या कडेने कित्येक दिवस वळसा घालून जावे लागते. याहून गंभीर गोष्ट मुलांची आहे. २०२२च्या मे महिन्यात आरशासारख्या त्या शिल्पाजवळ एका सोळा वर्षांच्या मुलाचा गोळीबारात मृत्यू झाला, आणि त्यानंतर गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर अठरा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय उद्यानात येण्यास मनाई करण्यात आली. एक आई म्हणून त्यामागची भीती मला कळते. पण पंधरासोळा हेच वय असे असते की गाणे पहिल्यांदा आपले आपण, घरच्यांशिवाय ऐकायचे असते, आणि शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतल्या ज्या मुलांना दुसरीकडे तिकीट परवडणारे नाही, त्यांच्यासाठीच हे दार शनिवारी संध्याकाळी अर्धे लोटलेले आहे. माझ्या मते यावर बंदीपेक्षा चांगला उपाय शोधायला हवा होता आणि अजूनही शोधायला हवा.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. जुलैतही सरोवरावरून गार वारा येतो, तेव्हा शाल जवळ असावी. संध्याकाळी साडेसहाच्या मैफिलीला साडेपाचपर्यंत पोहोचले तर जाळीच्या मध्यभागाखाली जागा मिळते, आणि आवाज तिथेच सर्वांत चांगला येतो. घरचे खाणे नेता येते. आम्ही चमचे न लागणारे पदार्थ नेतो, म्हणजे पोळीचे रोल, वड्या, कापलेली फळे. चटईपेक्षा जाड सतरंजी बरी, कारण गवत खालून ओले असते.

आणि आकाशाकडे लक्ष असू द्यावे. आईच्या मुक्कामातल्या एका शुक्रवारी, सिंफनीचा दुसरा भाग चालू असतानाच, सरोवरावर विजा दिसू लागल्या. वादन थांबले, सूचना झाली आणि हजारो माणसे शांतपणे उद्यानाखालच्या वाहनतळात उतरली. हे सारे उद्यानच वाहनतळाच्या आणि रुळांच्या छतावर वसवलेले आहे. आम्ही सिमेंटच्या खांबाला टेकून उभ्या राहिलो. शेजारच्या बाईंनी आईला द्राक्षे दिली, आईने त्यांना खोबऱ्याची वडी दिली, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्याने दोघी नुसत्या हसत राहिल्या. अर्ध्या तासाने उरलेली मैफल रद्द झाल्याचे कळले. आई गाडीत खिन्न होती. अर्धवट राहिलेले गाणे तिला अशुभ वाटते.

शुक्रवारचाच कार्यक्रम शनिवारी पुन्हा होणार होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कुणी कालचे काही दाखवायला सांगितले नाही, कुणाला काही विचारावे लागले नाही. त्याच झाडाच्या रोखाने आम्ही सतरंजी अंथरली. पहिला भाग संपला आणि दुसरा सुरू झाला. आई डोळे मिटून ऐकत होती. मग व्हायोलिने हळू झाली, सनईसारखे एक वाद्य एकटेच पुढे आले, आणि तिने डोळे उघडून मला कोपराने डिवचले. "काल इथपर्यंत झालं होतं," ती म्हणाली, आणि पुढचे ऐकायला सरसावून बसली.